बेसमेंटचं फ्रेमिंग: नेलगन घ्यावी की हातोडीनेच ठोकावं?

कृष्णाकाठ
मंडळी, कोलंबसला (ओहायो) घर घेऊन तीन वर्षं झाली आणि बेसमेंट अजून तसंच उघडंबोडकं आहे. कंत्राटदारांचे आकडे ऐकल्यावर ठरवलं की फ्रेमिंग (भिंतींचा लाकडी सांगाडा) आपण करायचं, वायरिंग आणि प्लंबिंगला लायसन्सवाले बोलवायचे. परमिट हातात आलंय. साधारण १२० फूट भिंत होतेय, टूबायफोर लाकडाची, दर १६ इंचांवर एक स्टड (उभा वासा). आता अडलंय ते इथे की हवेवर चालणारी फ्रेमिंग नेलगन विकत घ्यावी, भाड्याने आणावी, का सरळ हातोडी घेऊन बसावं?

यात आणखी एक गोष्ट आहे. मागच्या महिन्यात बाबा आलेत सांगलीहून, वय ७१, उभा जन्म सुतारकीत गेला. त्यांना या कामाचा एवढा आनंद झालाय की रोज सकाळी चहा घेऊन खाली जाऊन उभे राहतात. म्हणतात खिळ्याला कशाला हवीय बंदूक, दे हातोडी. पण त्यांचा उजवा खांदा दुखतो, रात्री शेकायला लागतो. मला ते कामात हवेत पण शेकडो खिळे त्यांच्या हातून ठोकून घ्यायचे नाहीत. आणि बायको बंदूक हा शब्द ऐकूनच घाबरलीये. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

खारीक बदाम
वहिनींसमोर बंदूक म्हणूच नका, खिळेयंत्र म्हणा :)
मी न्यू जर्सीत केलं होतं, गन आणि कॉम्प्रेसर दोन्ही भाड्याने. चूक अशी झाली की शुक्रवारी संध्याकाळी आणलं आणि अख्खा शनिवार जमिनीवर दोरी मारून आखणी आणि कापणी करण्यातच गेला, गन कोपऱ्यात पडून, भाडं चालू. भाड्यानेच घ्यायची तर आधी सगळे स्टड कापून, प्लेटींवर (स्टडच्या वर-खाली येणारी आडवी लाकडं) खुणा करून तयार ठेवा आणि मगच आणा.

निळी चिमणी
मी म्हणेन विकत घ्या, वापरलेली घ्या, काम झालं की विका, फार तर वीस-तीस डॉलर कमी येतील. भाड्याच्या गनची रबरं कुणी कशी वापरलीत देव जाणे.
हिशोब बघा ना. १२० फूट म्हणजे कोपरे, दारं धरून ११० स्टड पकडा. प्रत्येकाला वर दोन खाली दोन, झाले ४४० खिळे. तीन इंची खिळ्याला पाच-सहा घाव म्हटले तरी अडीच हजार घाव होतात. खांदा दुखणाऱ्या माणसाने करायचं काम नाही हे.

गुण्या
निळी चिमणी, हिशोबात एक दुरुस्ती. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे (ह्यूस्टन) आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही म्हणून लिहितोय.

हाताने ठोकायचा १६डी कॉमन खिळा साडेतीन इंच लांब आणि ०.१६२ इंच जाड असतो. गनमध्ये आपण सर्रास जो भरतो तो ३ इंच लांब आणि ०.१३१ जाड. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण ताकदीत पडतो. म्हणून आयआरसी (अमेरिकेतला घरबांधणीचा) कोडच्या तक्त्यात प्लेटीतून स्टडच्या टोकात सरळ मारायचं असेल तर १६डी कॉमनचे दोन चालतात, पण ३ इंची ०.१३१ चे तीन लागतात. तिरका मारणार असाल तर त्याचे चार. म्हणजे तुमचे ४४० नाही, सरळ मारले तरी ६६० झाले. बेसमेंटची भिंत वरचा भार घेत नाही हे खरं, पण इन्स्पेक्टर तक्ता बघून मोजतो आणि त्याने मोजायच्या आत आपणच नीट मारलेलं बरं. तुमच्या टाउनशिपने कोडची कुठली आवृत्ती घेतलीय तेवढं परमिट ऑफिसला विचारा.

आणि खिळे ३ इंचीच घ्या. टूबायफोर नावाला दोन इंच, प्रत्यक्षात दीड इंच जाड. कोपऱ्यात दोन स्टड एकमेकांना जोडताना सव्वातीन इंची खिळा मागून टोक काढतो.

निळी चिमणी
धन्यवाद गुण्या, हे खरंच माहीत नव्हतं. आमच्या भिंतीत दोन-दोनच आहेत, आता ड्रायवॉल (वर लावलेले जिप्समचे बोर्ड) उघडू की काय :(

गुण्या
उघडू नका, भार नसलेली भिंत आहे, उभी राहील. पुढच्या वेळी तीन.

चाकणचा माणूस
मी घरं बांधत नाही, पण नेलगन रोज वापरतो, आमचा पॅलेटचा आणि पॅकिंग पेट्यांचा वर्कशॉप आहे चाकणला. आमच्याकडे कॉइलवाली गन, गोल गुंडाळी येते खिळ्यांची, तुमच्याकडे फ्रेमिंगला पट्टीवाली. आतलं मशीन तेच. हवा आत येते, पिस्टनला लावलेली पट्टी खाली आपटते, खिळा जातो, रबराचा बंपर पिस्टनला अडवतो. बिघडतं काय तर ओ-रिंगा आणि तो बंपर. आणि ते बिघडतात तेल न घातल्याने नाहीतर चुकीचं तेल घातल्याने. न्यूमॅटिक टूलचं तेल मिळतं, रोज सुरू करताना हवेच्या तोंडात चार-पाच थेंब. गाडीचं इंजिन ऑईल नाही, गंज सोडवायचा स्प्रे तर अजिबातच नाही, रबर खातो तो.

प्रेशर आम्ही सहा ते सात केजी ठेवतो, तुमच्या भाषेत ९० ते १०० पीएसआय. पाईनला पुरतं. बाभळीसारखं कडक लाकूड आलं की खिळा अर्धा बाहेर राहतो नाहीतर वाकतो, तुमच्याकडे पाईन-स्प्रूसच असेल तेव्हा ती काळजी नाही. संध्याकाळी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा व्हॉल्व्ह उघडून पाणी काढायचंच, पावसाळ्यात आमच्याकडे पेलाभर निघतं.

आणि एक सांगतो, हे सगळ्यात महत्त्वाचं. ट्रिगर कुठला आहे ते बघा. दोन प्रकार येतात. एकात ट्रिगर दाबून धरायचा आणि नाक टेकवत जायचं, टेकलं की खिळा, टेकलं की खिळा. दुसऱ्यात आधी नाक दाबायचं मग ट्रिगर, आणि पुढच्या खिळ्याला दोन्ही सोडून पुन्हा तोच क्रम. आमच्याकडे सगळ्या पहिल्या प्रकारच्या होत्या कारण मालाची घाई. एका पोराने ट्रिगर दाबलेला हात तसाच खाली आणला आणि गनचं नाक त्याच्याच मांडीला टेकलं. पोरगा बरा आहे, आजही आमच्याकडेच आहे, पण त्या दिवशी मी सगळ्या गन बंद केल्या आणि आठवड्यात ट्रिगर बदलून घेतले. माल थोडा कमी निघतो, निघू दे.

अबोली
चाकणचा माणूस यांच्या पोस्टला शंभर वेळा अनुमोदन. मी इमर्जन्सीत नर्स आहे, शिकागोजवळ. उन्हाळ्यात डेकची कामं सुरू झाली की हे पेशंट येतातच आणि बहुतेक वेळा हात, बोटं. ओशा आणि निऑश या अमेरिकन सरकारच्या कामगार-सुरक्षेच्या संस्थांनी २०११ मध्ये नेलगनवर एक पुस्तिका काढली होती, त्यात वर्षाला साधारण ३७,००० लोक या जखमा घेऊन इमर्जन्सीत येतात असा आकडा आहे. टेकवत जायच्या ट्रिगरला इजेचा धोका क्रमाने चालणाऱ्या ट्रिगरच्या जवळपास दुप्पट असंही त्यातच आहे. शिकाऊ सुतारांवरचा अभ्यास पण आहे, चार वर्षांत पाचातल्या दोघांना गनने इजा झालेली.

कृपा करून हे लक्षात ठेवा: खिळा घुसलाच तर घरी पक्कड लावून ओढायचा नाही. पट्टीचं प्लास्टिक, गोंद, वायरचे तुकडे खिळ्याबरोबर आत जातात, सांध्यात किंवा हाडात असेल तर एक्सरे लागतो. आहे तसा, हलू न देता, हॉस्पिटलला या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून ठेवा. आणि कामाच्या जागी एकटे राहू नका.

तुळशीवृंदावन
एक बाळबोध प्रश्न, आपल्याकडे घरबांधणीत का नाही वापरत ही गन? कोकणात आमच्या घराच्या रिपा अजून सुतारकाका हातानेच ठोकतात, तोंडात पाच-सहा खिळे धरून.

चाकणचा माणूस
@तुळशीवृंदावन कारण आपलं घर विटा आणि आरसीसीचं, लाकडाचा सांगाडाच नसतो. लाकूड येतं ते सेंट्रिंगला, आणि सेंट्रिंगचा खिळा काढायचा असतो ना दहा-पंधरा दिवसांनी. गनचा खिळा बुडेपर्यंत जातो आणि त्याला गोंद असतो तो गरम होऊन धरतो, काढताना प्लायवूडच फाटतं. रिपा तर जुन्या घराच्या वाशावर, सागवान किंवा फणस, तिथे हातानेच बरं, काका लाकूड बघून मारतात. पॅलेटचं गणित वेगळं, दिवसाला हजारो खिळे. एक्सपोर्टच्या पॅलेटला तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ डिग्री तापमान ३० मिनिटं द्यावं लागतं, कीड मरायला, मग त्यावर आयएसपीएम १५ चा शिक्का. चाकणहून गाड्यांचे पार्ट जातात ते असल्याच पेट्यांतून.

तुळशीवृंदावन
वा, पेटीवरचा तो गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का कशाचा हे आज कळलं.

डेन्व्हरवासी
अवांतर होतंय पण कुणी कोलोरॅडोतून वाचत असेल तर त्याच्यासाठी: आमच्याकडे माती फुगते. पाणी प्यायली की बेसमेंटचा स्लॅब वर उचलते आणि भिंत घट्ट बसवली असेल तर ती वरच्या मजल्याला ढकलते. म्हणून इथे भिंत वरच्या जॉइस्टवर (वरच्या मजल्याच्या तुळयांवर) टांगतात आणि खाली दीड-दोन इंच किंवा जास्त मोकळी सोडतात, सहा इंची लांब खिळे फक्त ती जागेवर राहावी म्हणून. फ्लोटिंग वॉल म्हणतात. ते लांब खिळे कुठल्याही गनमध्ये जात नाहीत, आधी भोक पाडून हाताने. ओहायोवाल्यांनी विचार करायचं कारण नाही.

बर्फाळ कॅलगरी
मागच्या वर्षी आम्ही दोघांनी गॅरेज बांधलं, सगळं फ्रेमिंग गनने. तो मारायचा, मी धरायचे. एक प्रसंग सांगते.

भिंत जमिनीवर आडवी होती, मी स्टड प्लेटीला धरून बसले होते, हात जोडापासून जेमतेम चार इंचांवर. त्याने गन लावली, ठाप्प आवाज झाला, वरून बघताना खिळ्याचं डोकं नीट बसलेलं. आणि माझ्या ग्लोव्हला काहीतरी ओढल्यासारखं झालं. बघते तर स्टडच्या बाजूतून, माझ्या अंगठ्याला लागून, खिळ्याचं टोक बाहेर आलेलं, गळासारखं वळलेलं, ग्लोव्हचं कातडं त्यात अडकून. आत गाठ होती. गाठीला लागून खिळा वळला आणि सोपी वाट मिळाली तिकडून बाहेर पडला. बोटाला ओरखडासुद्धा नाही पण मी अर्धा तास तिथेच बसून राहिले, नवरा नुसता सॉरी सॉरी करत होता.

त्या पुस्तिकेत हात बारा इंच लांब ठेवा म्हणतात ना, ते अगदी खरं आहे. त्यानंतर आम्ही क्लॅम्प लावायला लागलो, नाहीतर पायाने दाबून धरायचं आणि हात लांब.

दुसरं, थंडीचं. उणे दहाला होजमधलं पाणी गोठतं आणि गन मध्येच खिळा सोडत नाही. तुमचं बेसमेंट गरम असेल तेव्हा हे नाही. पण आवाज! बंद जागेत फार घुमतो. कानांना मफ्स आणि डोळ्यांना झेड८७ (सुरक्षा चष्म्याची खूण) लिहिलेला चष्मा, दोघांनाही, नुसता मारणाऱ्याला नाही.

कृष्णाकाठ
बापरे. कॅलगरी, वाचताना अंगावर काटा आला. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, मनापासून आभार. वापरलेली गन बघून आलो, ट्रिगर क्रमाने चालणारा आहे, घेतोय. दोन शंका. खालची प्लेट काँक्रीटवर बसवायची, ती याच गनने चालेल का? आणि दुकानात खिळ्यांच्या खोक्यावर २१ डिग्री, ३० डिग्री असं लिहिलंय ते काय?

खारीक बदाम
काँक्रीटवर नाही! नाही! नाही! खिळा उलटा येतो.

गुण्या
खारीक बदाम बरोबर. काँक्रीटला एकतर काडतुसावर चालणारी गन किंवा हॅमर ड्रिलने भोक पाडून काँक्रीटचे स्क्रू. तुमचं काम थोडं आहे, स्क्रूच लावा, शांतपणे होतं. प्लेटीखाली फोमची पट्टी घाला. ही प्लेट प्रेशर ट्रीटेड, हिरवट दिसते ती, घ्यावी लागते आणि तिच्यात जाणारे खिळे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड हवेत. २००३ संपता संपता घरगुती लाकडातलं आर्सेनिकवालं औषध बंद झालं, आता तांब्याचं प्रमाण जास्त असतं आणि तांबं साध्या खिळ्याला खातं. म्हणजे दोन खोकी घ्या, खाली गॅल्व्हनाइज्ड, वर साधे.

डिग्री म्हणजे पट्टीतले खिळे किती कलते आहेत ते. २१ ला प्लास्टिकची पट्टी आणि पूर्ण गोल डोकं, ३० ते ३४ ला कागदाची पट्टी. एकाचे दुसऱ्यात बसत नाहीत. गनवर लिहिलेलं असतं तेच आणा.

निळी चिमणी
कॉम्प्रेसर लांब एक्स्टेंशन वायरवर लावू नका हं, मोटर ओढ घेते आणि ब्रेकर पडतो. कॉम्प्रेसर भिंतीच्या प्लगला आणि हवेचा होज लांब. होज ३/८ इंची घ्या, पाव इंचीत गनला हवा अपुरी पडते. आणि खिळा अडकला की पहिलं काम होज काढणं, मग बोट घालणं.

डेन्व्हरवासी
आता बॅटरीवाल्या पण चांगल्या येतात, होजची कटकट नाही. जड असतात मात्र, डोक्यावर धरून मारायला हात भरून येतो.

अबोली
बाबांना मारू देणार आहात का? खांदा दुखतोय म्हणून विचारते. गन साडेतीन-चार किलोची असते आणि प्रत्येक खिळ्याला मागे ढकलते. कमरेच्या उंचीवर, जमिनीवर आडव्या भिंतीला ठीक, पण शिडीवरून किंवा डोक्यावर नको.

कृष्णाकाठ
(तीन आठवड्यांनी)
अपडेट देतोय. फ्रेमिंग झालं!

ज्यांनी बाबांबद्दल विचारलं त्यांच्यासाठी आधी तेच. लाकूड आलं त्या दिवशी बाबा उलट्या बादलीवर बसले, कानावर पेन्सिल, आणि एकेक स्टड डोळ्याशी धरून एक डोळा मिटून बघत गेले. बाक ज्या बाजूला त्या बाजूला बाण. टोकाच्या चार-पाच इंचांत गाठ असेल तर तिच्याभोवती गोल. कॅलगरीची पोस्ट मी त्यांना वाचून दाखवली होती, ते म्हणाले गाठीत खिळा मारायचाच नसतो, हातोडीला ते हाताला कळतं, तुझ्या मशीनला कोण सांगणार? ११० पैकी १४ बाजूला काढले, त्यांचेच नंतर फायरब्लॉकिंगचे (भिंतीच्या पोकळीतून आग पसरू नये म्हणून घालायचे) तुकडे कापले. सगळे बाण एका बाजूला ठेवून भिंत उभी केली आणि सरळ पट्टी लावून बघितली, कुठे पोट आलेलं नाही.

मग म्हणाले, बघू दे मला पण. भिंत आडवी होती, मी क्लॅम्प लावला, चष्मा मफ्स घातले, ट्रिगरचा क्रम दोनदा समजावला. एक खिळा मारला. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग गन खाली ठेवून खिळ्याच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "एक सूत आत गेलाय, हवा कमी कर." १०० वरून ९० वर आणलं आणि खरंच डोकं लाकडाला पातळीत बसायला लागलं. पुढचे तीसेक खिळे त्यांनीच मारले, मग खांद्याचं बघून मी घेतली. रात्री शेकायला लागलं नाही. सांगलीला फोन करून काकांना पंधरा मिनिटं गन सांगत होते.

इन्स्पेक्टरने खिळे मोजले, तीन-तीन बघून पुढे गेला. गुण्या, तुमचे उपकार. एक गोष्ट काढली, डक्टच्या खालच्या खोक्यात भिंत मिळते तिथे फायरब्लॉक नव्हता. तो दुसऱ्या दिवशी घातला आणि शुक्रवारी पास झालं.

गुण्या
फार छान वाटलं वाचून. बाबांना नमस्कार सांगा. स्टडला बाण मारणारी माणसं साईटवर आता फारशी दिसत नाहीत.

बर्फाळ कॅलगरी
गाठीभोवती गोल! हे आम्हाला का सुचलं नाही. पुढच्या महिन्यात शेड घालतोय, करणार.

चाकणचा माणूस
एक सूत वाचून बरं वाटलं. आमचे जुने मिस्त्री पण असंच अंगठा फिरवून सांगतात. गन ठेवून देण्याआधी तेल टाकून दोन खिळे मारा आणि मगच पेटीत घाला, रबरं कोरडी पडत नाहीत.

रानजाई
आजवर फक्त वाचत होते, पहिल्यांदाच लिहितेय. मी पण कोलंबसमध्येच, डब्लिनच्या बाजूला. आमचं बेसमेंट ७० फूट भिंतीचं आहे. तुमचं काम झालंय तर गन विकणार का? आणि ट्रिगर दाखवाल का एकदा, मला कधी हातात घेतलेली नाही.

कृष्णाकाठ
@रानजाई विकत नाही, तशीच घेऊन जा, काम झालं की परत दे. उरलेले खिळे पण आहेत, २१ डिग्रीचे, जवळपास ३००. शनिवारी सकाळी ये. लाकूड आणलं असशील तर गाडीतच राहू दे, बाबा २० तारखेपर्यंत इथे आहेत, त्यांना आधी बघायचंय.